भरल्या ताटावरून

वहिनींना मोजायची सवय होती. शाळेच्या प्रयोगशाळेत एकवीस वर्षं नोकरी केलेली बाई. तास संपला की परीक्षानळ्या, चिमटे, काचेच्या कांड्या मोजून कपाटात ठेवायच्या आणि मगच हात धुवायचे, हे अंगवळणी पडलेलं. त्यामुळे आक्कांच्या गाण्याला परदेशातून बोलावणं आलं, तेव्हा पासपोर्ट आणि सामान सांभाळायचं काम न सांगताच त्यांच्या गळ्यात पडलं. चार माणसं, सामानाचे नऊ डाग. विमानात चढताना, उतरताना त्या ओठातल्या ओठात हेच पुटपुटत होत्या.

चार माणसं म्हणजे गाणाऱ्या आक्का, त्यांचे धाकटे भाऊ पेटीवर, त्यांची बायको म्हणजे या वहिनी टाळांवर, आणि ढोलकीवर वकील. पेटीवाल्या भावाला सगळे मास्तर म्हणत. पेट्या दुरुस्त करायचं दुकान होतं त्यांचं. दिवसभर भात्याला कान लावून बसायचे, त्यामुळे की काय, स्वतः फारसं बोलायचे नाहीत. वकील कोर्टाची पायरी कधी चढला नव्हता. घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचायचा. पण आज सोमवार आहे म्हटलं तरी ‘कशावरून?’ विचारायचा, म्हणून हे नाव पडलं.

आणि आक्का. बासष्ट वर्षांच्या. गळा अजून खणखणीत, पण दोन वर्षांपासून दम पुरेना. लांब ओळ घेतली की शेवटच्या दोन अक्षरांना श्वास तुटायचा. डॉक्टर म्हणाले, वय झालं, दुसरं काही नाही. आक्का म्हणाल्या, मग हा शेवटचा दौरा. परक्या मुलखात आवाज तुटला तर निदान ओळखीचं कुणी ऐकायला नसेल.

बोलावणाऱ्या मंडळींनी हॉटेलं घेतली नव्हती. तीन गावं, प्रत्येक गावात एक कार्यक्रम, आणि मुक्काम गावातल्याच कुणाच्या तरी घरी. “म्हणजे आपण जावई,” वकील म्हणाला. न्यायला एक व्हॅन आली होती. चालवणारी बाई पन्नाशीची, रुंद खांद्यांची, तोंडात सदानकदा बडीशेपेची गोळी. वकिलाने पहिल्या तासातच तिला मावशी करून टाकलं. तिला त्याचा अर्थ कळला तेव्हा तिने त्याला एक गोळी दिली. मोडक्यातोडक्या इंग्रजीवर सगळ्यांचं निभत होतं. वाटेत पेट्रोल भरायला एकदा थांबले, पाय मोकळे केले, आणि दुपारी पहिल्या गावी पोचले.

पहिलं घर बेकरीवाल्याचं होतं. खाली भट्टी आणि दुकान, वर राहतं घर. जिन्यात पायरीपायरीवर पिठाची पांढरी साय. बेकरीवाला दोन्ही हातांनी एकेकाचा हात धरून आत घेत होता. बायकोने टेबल मांडून ठेवलं होतं. गरम सूप, पाव, उकडलेले बटाटे.

वहिनींनी ताटं मोजली. पाच.

घरातली माणसं वेगळी जेवणार होती, दुकान उघडं होतं ना. वहिनींना वाटलं, मंडळींच्या यादीत घोटाळा झाला असेल. त्यांनी चार बोटं दाखवून सांगितलं, “आम्ही चौघंच.”

बेकरीवाल्याची बायको गोंधळली. तिने टेबलाच्या टोकाकडे, खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघितलं, मग वहिनींकडे. मग ती त्या खुर्चीपाशी गेली, समोरचं ताट उचललं आणि काहीतरी पुटपुटली. सुरावरून ती माफी होती, पण वहिनींची नव्हे. ती खुर्चीकडे बघून बोलत होती.

“काय म्हणाली?” आक्कांनी विचारलं.

“सूप निवेल म्हणाली असेल,” वकील म्हणाला आणि पाव मोडायला लागला.

झोपायच्या खोलीत पाच पलंग होते. सकाळी वहिनी उठल्या तेव्हा पाचव्या पलंगावरच्या पांघरुणाची चौघडी घालून पायथ्याशी ठेवलेली, तिच्यावर उशी. त्या घरातली रीत तशी नव्हती. रात्री सगळ्याच पलंगांवर पांघरुणं गादीखाली खोचून ताणलेली होती. अशी चौघडी घालायची, वर उशी ठेवायची, ही आपल्याकडची रीत. वकील रात्री कूस बदलत असतो, त्यानेच पलंग बदलला असणार. पण विचारलं तर वकील म्हणाला, “मी? मी माझ्या पलंगावर मेल्यासारखा पडलो होतो. आणि पांघरुणाची घडी मी जन्मात घातलेली नाही, माझ्या आईला विचारा.” हे मात्र खरं होतं.

त्या संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये पहिला कार्यक्रम झाला. आक्कांनी सुरुवात जपून केली. दुसऱ्या गाण्यात ती लांब ओळ आली, जिथे दोन वर्षं श्वास तुटत होता. वहिनींनी टाळ सैल धरले आणि डोळे मिटून घेतले. ओळ तुटली नाही. शेवटच्या अक्षरापर्यंत गेली, तिथे जरा थांबली, आणि सावकाश खाली उतरली. मास्तरांनी पेटीवरून मान वर करून बहिणीकडे बघितलं. आक्का समोर बघत होत्या, पण त्यांची मान किंचित मागे वळलेली होती, मागून कुणी हाक मारावी तशी.

निघताना बेकरीवाल्याने कागदी पिशव्यांत गरम पाव बांधून दिले. माणशी एक. वहिनींनी ते मांडीवर घेऊन मोजले. पाच. चौघांनी आपापले खाल्ले. पाचवी पिशवी त्यांनी मागच्या बाकावर, टाळांच्या पेटीवर ठेवली. दुसऱ्या गावात सामान उतरवताना ती पिशवी तिथेच होती, नीट घडी घातलेली, रिकामी. बाकावर एक कणही सांडलेला नव्हता.

“वकील, पाव तुम्ही खाल्लात?”

“वहिनी, मी खाल्ला असता तर कण सांडले असते.”

दुसरं घर एका निवृत्त नर्सचं. एकटीच राहायची. घर इतकं स्वच्छ की चपला कुठे काढाव्यात याचीच भीती वाटावी. औषधांच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावलेल्या, टॉवेल खुंटीखुंटीवर. टॉवेल पाच होते. वहिनींनी या वेळी काही बोलायचं नाही असं ठरवलं. नर्सबाईंनी आल्याआल्या आक्कांची नाडी बघितली, मास्तरांना जाड उशी दिली, वकिलाच्या खोकल्यावर काहीतरी कडू पाजलं. आईसुद्धा करणार नाही इतकं त्या करत होत्या आणि चेहऱ्यावर हसू म्हणून नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात वहिनी आणि नर्सबाई दोघीच होत्या. नर्सबाई कपबशा पुसत होत्या.

“तुमच्या त्या माणसाला थंडी सोसत नाही,” त्या म्हणाल्या. “काल मी त्याला माझ्या नवऱ्याचा लोकरी बनियन दिला. तुम्ही त्याची काळजी घेत नाही.”

“कोणत्या माणसाला?” वहिनींनी विचारलं.

“तो शांत. कानशिलावर पांढरे केस आहेत तो. सगळ्यांच्या मागे चालतो. हात बर्फासारखे आहेत त्याचे. मी चाळीस वर्षं हात हातात घेतलेत, मला कळतं.”

वहिनी ओट्याला टेकल्या. मास्तरांना पूर्ण टक्कल होतं. वकिलाच्या डोक्यावर काळं रान होतं.

“तो काही बोलला?” त्यांनी विचारलं.

“एकच वाक्य. बनियन देत होते तेव्हा दोनदा म्हणाला. तुमच्याच भाषेत. मला अर्थ माहीत नाही, पण आवाज लक्षात आहे.” नर्सबाईंनी फडकं खाली ठेवलं, रोग्याचं बोलणं वहीत उतरवायला आठवावं तसे डोळे बारीक केले, आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, “राहू द्या. मला चालेल.”

त्या बाईला आक्कांचं नावही धड घेता येत नव्हतं. अक्का म्हणायच्या, तेही अडखळत. आणि हे वाक्य असं आलं, जसं आपल्याकडे एखादा पाहुणा ताटावर हात आडवा धरून म्हणतो. ‘चालेल’मधला च, ल, सगळं जागच्या जागी. आवाजही त्यांचा राहिला नव्हता, किंचित खाली उतरला होता.

“काय अर्थ त्याचा?” नर्सबाईंनी विचारलं.

वहिनींनी सांगितलं. नर्सबाईंनी मान हलवली. “तरी घेतला त्याने,” त्या म्हणाल्या. “घालूनच झोपला.”

वहिनींनी हे सगळं तिघांना मागच्या अंगणात नेऊन सांगितलं. वकिलाने पुरावा मागितला. बनियन कुठे आहे, दाखवा. बनियन कुणालाच दिसला नव्हता. “म्हातारीला भास होतोय, आणि आपण तिचं पाजलेलं पितोय,” तो म्हणाला, पण एकदाच म्हणाला, आणि त्याने मागे वळून बघितलं. मास्तर पायाने गवत दाबत उभे होते.

आक्का मात्र घाबरल्या नाहीत. अंगणातल्या एका खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “मला वाटलं हॉलचा घुमारा असेल.”

“काय?”

“परवापासून माझ्या मागे कुणीतरी सूर धरतंय. खालचा सा. माझा श्वास संपायला आला की तो पुढे होतो, मी त्याच्यावर रेलते आणि मला पुरतं. काल रियाजालाही होता.” त्यांनी पदर सारखा केला. “चांगला गळा आहे. शिकलेला. घाई नाही कसली.”

“आक्का, ते कोण आहे हे आपल्याला माहीत नाही,” वहिनी म्हणाल्या.

“माहीत कशाला हवं? साथ करतोय. दोन वर्षांनी मी नीट गातेय, वहिनी. तुम्ही आता त्याच्या मागे लागू नका.”

त्या संध्याकाळी आक्का अशा गायल्या की नर्सबाईंनी पहिल्या रांगेत चष्मा काढून पुसला. वहिनींनी टाळ वाजवता वाजवता कान देऊन ऐकलं. त्यांना काही ऐकू आलं नाही. पण आक्का जिथे रेलत होत्या ती जागा त्यांना दिसत होती. आक्कांच्या डाव्या खांद्यामागे, हातभर अंतरावर.

तिसऱ्या गावाचा रस्ता तीन तासांचा होता. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, मधूनच गोदामं, दगडी कुंपणं. मागच्या बाकावर नेहमीप्रमाणे सामान होतं आणि सामानाच्या कडेला एका माणसापुरती जागा सुटलेली होती. कुणी ती मुद्दाम ठेवली नव्हती. वहिनींनी डाग रचले की ती आपोआपच सुटायची.

शेवटी वकिलाला राहवेना. त्याने पुढे वाकून मावशीला विचारलं, “मावशी, तुमच्या गाडीत किती माणसं आहेत?”

तिने आरशात बघितलं. “मला धरून सहा.”

“तो पाचवा कुठे चढला?”

“पहिल्याच दिवशी. पेट्रोल भरायला थांबलो तिथे.” गोळी या गालातून त्या गालात गेली. “भिंतीला टेकून उभा होता. तुम्ही बोलत होतात तिकडे कान लावून. तुमची ती ढोलाची पिशवी जमिनीवर होती, ती उचलून आत ठेवली आणि मागे बसला. का? तुमच्यातला नाही?”

ढोलकी मीच ठेवली, असं म्हणायला वकिलाने तोंड उघडलं आणि मिटलं. तो तेव्हा हात धुवायला गेला होता. परत आला तेव्हा पिशवी जागेवर होती.

मावशीने गाडीचा वेग कमी केला. “तुमच्यातला नसेल तर सांगा. मी थांबवते.”

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. वहिनींच्या ओठावर शब्द आले होते, पण त्याआधीच आक्का बोलल्या. “आमच्यातलाच आहे. चला तुम्ही.” मग त्या मागे वळल्या, सामानाच्या कडेच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत मऊ आवाजात म्हणाल्या, “नीट बस हो बाबा, टेकून बस. आपलाच आहेस तू. आता मागे मागे राहायचं नाही.”

मावशीने वेग वाढवला. वहिनींना एकदम गाडीत थंडी वाजायला लागली. खिडक्या बंद होत्या.

तिसरं घर सुताराचं. पुढे कारखाना, मागे घर. सगळीकडे ताज्या भुश्श्याचा वास, भिंतीला टेकवलेल्या फळ्या, एका कोपऱ्यात पाय नसलेल्या खुर्च्यांची रांग. सुतार दारातच उभा होता, हाताचा भुस्सा पँटला पुसत. “या, या. चार ना? चार.” त्याने आक्कांचा हात हातात घेतला, मग मास्तरांचा, मग वकिलाचा. मग त्याने आणखी एकदा हात पुढे केला, हवेत धरला, हलवला, आणि हसून म्हणाला, “हात गार आहेत तुमचे. आत शेगडी आहे.”

तो आत वळला आणि दार लागलं.

वहिनी बाहेर राहिल्या.

त्यांना वाटलं, वाऱ्याने लागलं असेल. त्यांनी दार ढकललं, आत गेल्या. बोळातून पुढे मोठी खोली होती, मधोमध सुताराने स्वतः केलेलं जाड फळ्यांचं टेबल. सुताराची बायको वाढत होती. चार ताटं होती. वहिनींना क्षणभर हायसं वाटलं. चार. सुटलो एकदाचे.

मग त्यांनी बघितलं. आक्का बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी वकील, समोर मास्तर. मास्तरांच्या शेजारची खुर्ची थोडी मागे सरकवलेली होती, कुणी बसताना सरकवावी तेवढी. तिच्यासमोरच्या ताटात सुताराची बायको रस्सा वाढत होती आणि वाढता वाढता खुर्चीवरच्या हवेशी बोलत होती, आणखी घ्या, लाजू नका.

वहिनी टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. सुताराची बायको पातेलं घेऊन त्यांच्याच दिशेने आली. वहिनी पटकन बाजूला झाल्या, नाहीतर ती अंगावरच आली असती. तिचे डोळे वहिनींवरून असे सरकले जसे भिंतीवरून सरकतात.

“अहो,” वहिनी म्हणाल्या.

मास्तर पाव मोडत होते. त्यांनी अर्धा तुकडा स्वतःला ठेवला आणि अर्धा शेजारच्या ताटात ठेवला. सत्तावीस वर्षं ते असंच करत आले होते. जेवताना न बघता अर्धं बायकोच्या ताटात.

“अहो, मी इथे आहे.”

मास्तरांनी मान वर केली नाही. वकील सुताराला काहीतरी विचारत होता आणि दोघं हसत होते. आक्का शांतपणे जेवत होत्या. चौघं बसले होते आणि कुणाला काही कमी वाटत नव्हतं. वहिनींनी हात हलवला, बांगड्या वाजवल्या. बांगड्यांचा आवाज त्यांना स्वतःला आला, पण लांबून, शेजारच्या खोलीतून यावा तसा. नवऱ्याच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. सदऱ्याचं कापड बोटांना लागलं. मास्तरांनी माशी बसल्यासारखा खांदा झटकला आणि घास घेतला.

ओरडायचं त्यांच्या मनात आलं. पण ओरडून कुणी बघितलं नाही तर मग पुढे काय, या विचाराने त्या ओरडल्या नाहीत. त्या तशाच उभ्या राहिल्या. पायांखाली भुस्सा होता. आपण उभ्या आहोत तिथे पाय रुततोय का, हेही त्यांनी वाकून बघितलं. किंचित रुतत होता.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की चूक माणसांशी बोलण्यात होतेय. आक्कांनी त्याला आपला म्हटलं होतं. पण आपल्यात जागा चारच होत्या, आणि तो पाहुणा होता तोवरच पाचवा होता.

त्या खुर्चीच्या मागे गेल्या. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. लाकूड गार होतं.

“भावजी,” त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, तो त्यांनी सावरला. “तुम्ही पाहुणे आहात, तुमचा मान मला राखायचाय. तुम्ही आक्कांना साथ केलीत, त्याचे उपकार आहेत. पण ही जागा माझी आहे. तो माझा नवरा आहे. उठा तुम्ही.”

काही झालं नाही. ताटातल्या रश्श्यातून वाफ निघत होती.

“उठा, भावजी,” वहिनी पुन्हा म्हणाल्या. “मला नाही चालणार.”

खुर्ची मागे सरकली. वीतभर, फरशीवर खर्र आवाज करत. वहिनींच्या बाजूने काहीतरी गेलं, लोकरीचा जुना, पेटीत ठेवलेला वास, आणि मग तेही नाही.

“अगं बाई,” सुताराची बायको म्हणाली असावी, तिच्या भाषेत. ती पातेलं धरून वहिनींकडे बघत होती. “उभ्या का तुम्ही? बसा ना.”

मास्तरांनी वळून बघितलं. घास त्यांच्या हातातच राहिला. “तू कुठे होतीस?” त्यांनी विचारलं.

वहिनी खुर्चीत बसल्या. ताटातून दोन घास कमी झालेले होते. त्यांना ते अन्न खाववेना, पण त्यांनी खाल्लं. खाल्लं नाही तर पुन्हा ती जागा जाईल असं त्यांना वाटलं. मास्तर नंतर म्हणाले, “मी त्या खुर्चीकडे बघितलं होतं. दोनदा बघितलं. तू दिसलीस असं नाही म्हणत मी. पण सगळी बसलीत, एवढं माझ्या मनाला पटलं होतं.” एवढं लांब ते महिन्यातून एकदा बोलत. मग त्यांनी चेहरा ओंजळीत घेतला.

आक्का रागावल्या. दुपारी सुताराच्या कारखान्यात, त्या बिनपायांच्या खुर्च्यांजवळ त्यांनी वहिनींना गाठलं.

“उठवलंत तुम्ही त्याला.”

“हो.”

“भरल्या ताटावरून माणसाला उठवतात? आपल्या घरात कधी कुणी उठवलंय? वैऱ्यालासुद्धा म्हणतात, आधी जेव.”

“मी तिथे उभी होते, आक्का. तुमच्या समोर. तुम्हाला दिसले नाही मी.”

आक्का एका फळीवर टेकल्या. वहिनींचा हात त्यांनी हातात घेतला, उलटा सुलटा करून बघितला, मनगटावरच्या बांगड्या सरकवून बघितल्या. “नाही दिसलात,” त्या म्हणाल्या. “तुमची आठवणसुद्धा नव्हती हो मला. चार घासांपुरती नव्हती.” त्या बराच वेळ तसाच हात धरून बसल्या. राग उतरला होता. पण दुःख होतं, ते उतरलं नव्हतं. ते कुणासाठी होतं हे वहिनींनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा कार्यक्रम. सुताराने मंचासाठी नव्या फळ्या ठोकल्या होत्या, अर्धं गाव येऊन बसलं होतं. आक्कांनी सूर लावला आणि पहिल्याच गाण्यात सगळ्या चमूला कळलं. मागे कुणी नव्हतं. दुसऱ्या गाण्यात लांब ओळ आली आणि मधोमध तुटली. आक्का थांबल्या. समोर माणसं सभ्यपणे वाट बघत होती. वकिलाने ढोलकीवर दोन आवर्तनं भरून काढली. आक्कांनी पुन्हा उचललं, पुन्हा तिथेच तुटलं, आणि त्यांची मान डावीकडे मागे वळली. त्या रिकाम्या जागेकडे त्यांनी अशा नजरेने बघितलं की वहिनींना ते सोसवेना.

वहिनी जन्मात मंचावर गायल्या नव्हत्या. गळा बरा, पण टाळांपलीकडे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही म्हटलं नाही. त्या उठल्या, आक्कांच्या डाव्या खांद्यामागे जाऊन बसल्या आणि खालचा सा धरला. थोडा कणसूर लागला. मास्तरांनी पेटीवर तो स्वर दाबून धरला, तशा त्या जागेवर आल्या. आक्कांनी तिसऱ्यांदा ओळ उचलली. श्वास संपायला आला तेव्हा त्या रेलल्या. वहिनींना तो भार खरोखरच जाणवला, जशी एखादी पेंगलेली बाई खांद्यावर डोकं टाकते. ओळ पार पडली. आधीच्या दोन गावांत पडली तशी नाही, खरखरत, धापा टाकत पडली. पण पडली.

विमानतळावर मावशीने सामान उतरवून दिलं. दुपारची वेळ होती. वहिनींनी नऊ डाग मोजले, मग त्या तिच्याजवळ गेल्या. दोन दिवस एक प्रश्न त्यांना खात होता.

“तो कुठे आहे?”

“काल तुम्ही हॉलवर सामान लावत होतात, तेव्हा गाडीत येऊन बसला,” मावशी म्हणाली. “मागच्या बाकावर. कुठे सोडू विचारलं तर मान हलवली. मी थोडा फिरवला. मग एका घराच्या अंगणात माणसं टेबलं मांडत होती. समारंभ असेल काहीतरी. पन्नास-साठ माणसं, पोरंबाळं. म्हटलं एवढ्यांत एकाने काय बिघडतं. तिथे उतरवला.”

“घेतलं त्यांनी आत?”

“एका म्हातारीने हात धरून खुर्चीत बसवला. आपल्याच घरचा असावा तसा. मी बघितलं.”

आक्का मागून विचारत होत्या, काय म्हणतेय ती. वहिनींनी सांगितलं, “जागा मिळाली म्हणे त्यांना. मोठं घर आहे.” आक्कांनी डोळे मिटून हात जोडले आणि वकिलाच्या आधाराने दाराकडे चालू लागल्या.

वहिनी मात्र तिथेच उभ्या राहिल्या. पन्नास-साठ माणसं. तिथे कोण कुणाला मोजणार. कुणीतरी आत्ता खुर्चीमागे उभं असेल, कदाचित कुणाचं पोर असेल, हाका मारत असेल. आणि बसलेल्याला उठवायला काय म्हणायचं हे त्याला ठाऊक नसेल. ठाऊक असलं तरी त्याला मराठी कुठे येतंय.

“कोणतं घर होतं ते?” त्यांनी विचारलं. “मावशी, आठवा जरा. रस्ता कोणता?”

मावशीने आठवून बघितलं. “रस्ता लांब होता,” ती म्हणाली. “सगळी घरं सारखीच दिसतात तिकडे.”

आतून मास्तरांनी हाक मारली. उशीर होत होता. विमानात त्यांनी खिडकीकडची जागा वहिनींना दिली, त्यांचा हात धरला, आणि जेवणाचं ताट समोर आलं तेव्हाही तो सोडला नाही. डाव्या हाताने जेवले.